तीन आठवड्यांचा संथ युरोप : क्रूझ, विमान आणि हॉटेल कसे निवडावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दोघे फोंड्याला राहता, शाळेतील नोकरीतून निवृत्त होऊन आपल्याला काही वर्षे झाली आहेत, पत्नीच्या गुडघ्यांना जिने फारसे सोसत नाहीत, आणि इटली व भूमध्य समुद्रातील क्रूझ असा तीन आठवड्यांचा प्रवास कोणतीही धावपळ न करता करावा अशी आपली इच्छा आहे. विमान गोव्यातून धरावे की मुंबईहून, हॉटेल किती तारांकित घ्यावे, जहाजावर बाल्कनीच्या खोलीसाठी जादा पैसे मोजावेत का, आणि हे सगळे स्वतः ठरवण्यापेक्षा ग्रुप टूर बरी का, असे चार मुद्दे आपण मांडले आहेत. गोव्यातील लोकांच्या परदेशी सहली आखण्याचे काम मी पणजीत बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो, पण मुद्द्यांचा क्रम मात्र बदलतो.

संथ प्रवासाचा बेत मुक्कामाच्या ठिकाणी सहसा बिघडत नाही. तो बिघडतो दोन मुक्कामांच्या मधल्या सांध्यात : विमानतळापासून हॉटेलपर्यंत, हॉटेलपासून बंदरापर्यंत, आणि बंदरापासून जे गाव पाहायचे त्या गावापर्यंत. जाहिरातीत खोली, डेक आणि नाश्त्याचे टेबल दिसते. स्टेशनाचा जिना, दगडी फरसबंदीवरून ओढावी लागणारी बॅग किंवा पहाटे तीन वाजताचे विमान तिथे दिसत नाही. म्हणून विमान, हॉटेल आणि जहाज यांची तुलना करताना त्यांच्या दर्जाकडे नंतर पाहावे आणि आपल्याला तिथपर्यंत पोहोचवणाऱ्या व तिथून बाहेर काढणाऱ्या वाटेकडे आधी पाहावे, असा माझा आग्रह असतो. सांध्यांचे महत्त्व आपल्या घरी वेगळे सांगण्याची गरज नसावी.

ग्रुप टूरचा मुद्दा आधीच निकालात काढतो. बॅगा कोणीतरी उचलाव्यात, जेवणात वरण-भात मिळावा आणि भाषेची चिंता नसावी एवढेच हवे असेल, तर ग्रुप टूर हा प्रामाणिक पर्याय आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण अशा टूरमध्ये सकाळी सात वाजता बॅगा दाराबाहेर आणि आठ वाजता बसमध्ये, असा दिनक्रम जवळजवळ ठरलेला असतो. धावपळ नको ही आपली पहिली अट आहे आणि ती तिथे पाळली जाणे कठीण आहे.

आता तारखा. भूमध्य समुद्रासाठी मे महिना आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातील शाळांना सुटी असते, रोममध्ये उन्हाचा पारा सहज ३५ अंशांच्या वर जातो आणि जहाजे मुलांनी भरलेली असतात. मे महिन्यात आपल्याकडील शाळांना सुटी असल्याने भारतातून निघणाऱ्या विमानांचे भाडे चढलेले असते. त्यामुळे माझा कौल सप्टेंबरअखेरीला आहे. मात्र गोव्यातल्या घराचे पंचांग युरोपच्या हवामानाला विचारून चालत नाही. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, कधी ऑगस्टच्या अखेरीस तर कधी सप्टेंबरच्या मध्यावर येते, आणि ती आटोपली की पितृपक्षातला म्हाळ, म्हणजे श्राद्ध, असतो. म्हाळाची तिथी आधी पाहून घ्या आणि तिच्यानंतरच जहाजाची तारीख शोधा. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उलटला की भूमध्य समुद्रही खवळू लागतो आणि बंदर रद्द होण्याची शक्यता वाढते, हे दुसऱ्या टोकाचे बंधन.

आरक्षणाचा क्रमही महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक स्वस्त दिसले म्हणून आधी विमानाचे तिकीट घेतात आणि मग त्या तारखांत जहाज बसवण्याचा खटाटोप करतात. जहाज ठरलेल्या दिवशी ठरलेल्या बंदरातून निघते, त्याची तारीख कोणासाठी हलत नाही. म्हणून प्रथम जहाज, त्याला धरून विमान, आणि शेवटी हॉटेल, कारण सुटसुटीत अटींवर रद्द करता येण्यासारखी गोष्ट या तिघांत हॉटेल हीच आहे.

जहाजाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. पहिला गैरसमज आकाराचा. मोठे जहाज म्हणजे गर्दी, असे मानले जाते. जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ हे वजन नसून आतील बंदिस्त जागेचे माप आहे. त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा येते याचा अंदाज मिळतो. तीसच्या खाली आकडा आला तर जहाज दाटीचे, चाळीसच्या वर आला तर ऐसपैस, असा ढोबळ हिशेब या धंद्यात करतात. २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे प्रचंड जहाज २,४८,६६३ टनांचे आहे आणि एका खोलीत दोघे या हिशेबाने त्याची क्षमता ५,६१० प्रवाशांची आहे. भागाकार ४४ च्या आसपास येतो. म्हणजे आत दाटी नाही. तरीही आपल्यासाठी मी असले जहाज निवडणार नाही, कारण एवढी माणसे एकाच सकाळी एकाच धक्क्यावर उतरतात आणि एकाच वेळी बसच्या रांगेत उभी राहतात. अडचण डेकवर होत नाही, ती उतरताना होते. दोन ते तीन हजार प्रवाशांचे मध्यम जहाज आपल्याला मानवेल.

दुसरी गोष्ट, बंदराचे नाव आणि शहराचे नाव यांत फसू नका. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ छापलेले असते तिथे जहाज चिवितावेक्किया या बंदराला लागते, आणि तिथून रोम सुमारे ७० ते ८० किलोमीटर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून बसने दीड तासाच्या आसपास. उत्तरेकडच्या सफरीत ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, सुमारे २०० किलोमीटर. व्हेनिसमध्ये तर १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरील जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जाण्यास बंदी आहे; मोठी जहाजे मार्गेराला किंवा चक्क रावेन्ना, त्रिएस्ते अशा दुसऱ्या बंदरांना लागतात. उलट नेपल्सला जहाज शहराच्या मध्यवस्तीलगतच लागते, आणि माल्टातील व्हॅलेटा येथे ते तटबंदीच्या पायथ्याशी उभे राहते व तिथून सार्वजनिक लिफ्टने थेट वरच्या बागेत पोहोचता येते. सात रात्रींच्या सफरीत अशी जवळची बंदरे किती आणि लांबची किती हे मोजूनच सफर निवडा. लिव्होर्नोला उतरून फ्लॉरेन्सला धावत जाणे, तिथे तीनेक तास काढणे आणि धापा टाकत परतणे हा प्रकार मी कोणालाच सुचवत नाही. त्या दिवशी पिसा किंवा लुक्का पाहावे, नाहीतर जहाजावरच शांतपणे पुस्तक वाचावे. फ्लॉरेन्स जमिनीवरून, तीन-चार रात्री राहून पाहण्याचे शहर आहे.

तिसरी गोष्ट गुडघ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, आणि ती कोणी आपणहून सांगत नाही. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही. ते समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होडीतून किनाऱ्यावर नेले जाते. याला टेंडर म्हणतात. पाणी हलत असताना जहाजातून हलत्या होडीत पाय टाकावा लागतो. खलाशी हात धरतात हे खरे, पण दुखऱ्या गुडघ्याला ते एक पाऊल भारी पडते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील व्हिलफ्रांश आणि ग्रीसमधील सान्तोरिनी ही त्याची ठळक उदाहरणे. सान्तोरिनीला होडीतून उतरल्यावर कड्यावरच्या गावात जायला केबल कार आहे, आणि तिची रांग नकोशी झाली तर पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. कार्यक्रमपत्रिकेत टेंडरच्या बंदरासमोर बहुधा नांगराची खूण असते. नसेल तर लेखी विचारून घ्या. छायाचित्रे कितीही मोहक असली, तरी आपल्यासाठी ग्रीक बेटांपेक्षा पश्चिम भूमध्य समुद्र, म्हणजे इटली, फ्रान्स, स्पेन आणि जमल्यास माल्टा, हाच मार्ग मला योग्य वाटतो.

आता बाल्कनी. नॉर्वेतील फियॉर्ड किंवा अलास्का अशा सफरीत जहाज दिवसाउजेडी डोंगरांच्या मधून जाते, तिथे बाल्कनीचा पैसा वसूल होतो. पश्चिम भूमध्य समुद्रात जहाज बहुतेक रात्री चालते आणि दिवसा धक्क्याला उभे असते. बाल्कनीतून दिसतात ते कंटेनर आणि क्रेन. तेव्हा बाल्कनी आवश्यक नाही. परंतु बिनखिडकीची खोलीही घेऊ नका, कारण तिच्यात सकाळ झाली की नाही हेच कळत नाही आणि प्रवासाने आधीच बिघडलेली झोप आणखी बिघडते. खिडकीची खोली, जहाजाच्या लांबीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांपैकी एकावर, ही आपल्यासाठी योग्य निवड. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. डेकचा नकाशा पाहून खोलीच्या थेट वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे नाही आणि थेट खाली नाट्यगृह नाही याची खात्री करा. लिफ्ट जवळ असावी, पण दारासमोर नसावी. खोलीचा क्रमांक कंपनीच नंतर देणार या अटीवर मिळणारे स्वस्त दर आपण टाळावेत, कारण जिथे जागा उरेल तिथे आपली रवानगी होते.

भाड्याच्या जाहिरातीत जो आकडा असतो तो माणशी असतो, एका खोलीत दोघे असे धरून. त्यावर बंदरशुल्क येते, आणि अनेक कंपन्या सेवकांसाठीची बक्षिसी दरडोई दर दिवशी आपोआप खात्यावर चढवतात. सात रात्रींत ती रक्कम लहान राहत नाही. ग्रीसने २०२५ पासून सान्तोरिनी व मिकोनोस येथे उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर गर्दीच्या महिन्यांत माणशी २० युरोंचा कर लावला आहे, तसे करही वाढत चालले आहेत. पेयांचे पॅकेज घेण्यापूर्वी आपण रोज किती पिणार याचा हिशेब मांडा. जे दिवसभर बंदरात फिरणार आहेत त्यांना ते क्वचितच परवडते. जेवणाची चिंता करू नये. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, लागते हे आरक्षणाच्या वेळी कळवले आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला सांगितले की सोय होते.

जहाजाची माहिती काढण्याचा एक मार्ग आपल्याकडे इतरांपेक्षा सोपा आहे. गोव्यातले कितीतरी तारवटी, म्हणजे दर्यावर्दी, क्रूझ जहाजांवर नोकरीला आहेत. सासष्टी आणि बार्देशात तर असे घर शोधावे लागत नाही. जहाजाचे नाव सांगून ओळखीतल्या अशा एखाद्या माणसाला विचारा की लिफ्ट किती वेळ थांबायला लावते, कोणत्या मजल्यावर इंजिनाचा आवाज येतो, जहाजाची दुरुस्ती अलीकडे झाली आहे का. छापील पुस्तिकेपेक्षा ही माहिती खरी असते. आणि समुद्र आपल्याला मानवतो की नाही अशी शंका असेल, तर पावसाळा सोडून मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या जहाजावर दोन-तीन रात्री काढून पाहा. व्हिसा लागत नाही, आणि मळमळ झालीच तर ती घराजवळ होते.

सागरी क्रूझऐवजी नदीवरची घ्यावी का, असेही पुष्कळजण विचारतात. डॅन्यूब किंवा ऱ्हाईनवरची जहाजे लहान असतात आणि शहराच्या मधोमध लागतात, हा मोठा गुण. पण गर्दीच्या ठिकाणी दोन-तीन जहाजे एकमेकांना चिकटून उभी राहतात. मग किनाऱ्यावर जायला दुसऱ्याच्या डेकवरून चढउतार करावी लागते आणि खिडकीसमोर शेजाऱ्याची खिडकी येते. सर्वांत वरच्या डेकपर्यंत लिफ्ट बहुधा जात नाही. शिवाय उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरले, जसे ऱ्हाईनवर २०१८ आणि २०२२ मध्ये उतरले होते, तर काही टप्पे बसने करावे लागतात. या खेपेस नदी नको.

विमानाकडे वळू. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत : दाबोळी आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिकिटावर दोघांचे संकेत वेगळे असतात, दाबोळीचा ‘जीओआय’ आणि मोपाचा ‘जीओएक्स’. फोंड्याहून दाबोळी जवळ आणि मोपा बराच लांब. जाताना एक आणि येताना दुसरा असे तिकीट काढले गेले तर पार्किंगमध्ये ठेवलेली गाडी एका तालुक्यात आणि आपण दुसऱ्या तालुक्यात, अशी गत होते. मुंबईचेही आता तसेच झाले आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली आहेत, आणि जुन्या विमानतळावर दोन टर्मिनलांच्या मधले अंतर रस्त्यानेच कापावे लागते. तेव्हा तिकिटावर नुसते ‘मुंबई’ वाचून समाधान मानू नका.

मुंबईहून थेट रोमला जाणारे विमान मिळाले तर ते चांगले वाटते, पण गोवा ते मुंबई हा टप्पा वेगळ्या तिकिटावर असेल तर तो सांधा कच्चा राहतो. पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे सुटले, तर दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. बॅगाही मुंबईत उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली असेल तर पुढचे विमान मिळवून देणे ही कंपनीची जबाबदारी ठरते आणि बॅग थेट शेवटच्या ठिकाणी जाते. म्हणून गोव्याहून आखाती शहरामार्गे रोम असे एकाच तिकिटावरचे विमान, जरी मध्ये एक थांबा असला आणि भाडे काही हजारांनी अधिक असले, तरी मी ते पसंत करीन. मधला थांबा अडीच ते चार तासांचा असावा. सव्वा तासाचा थांबा कागदावर वैध असतो, परंतु मोठ्या विमानतळावर व्हीलचेअरने तो गाठणे अवघड जाते.

व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. ती तिकीट काढतानाच नोंदवावी, निदान ४८ तास आधी तरी. युरोपीय संघातील विमानतळांवर ही मदत विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. पत्नी घरात व्यवस्थित चालतात हे खरे, पण पासपोर्ट तपासणीच्या रांगेत तासभर उभे राहणे वेगळे. युरोपच्या सीमांवर ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने ती रांग काही ठिकाणी आणखी लांबली आहे.

आसनांबाबत दोन गोष्टी. एअरबस ए-३३० या विमानात इकॉनॉमी वर्गाची रचना बहुधा २-४-२ अशी असते, म्हणजे खिडकीकडच्या जोडीत आपण दोघेच बसता आणि उठताना तिसऱ्याची विनवणी करावी लागत नाही. बोईंग ७८७ आणि एअरबस ए-३५० यांत केबिनमधील हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवर असतो तितका राखतात. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांच्या जवळपास असतो. उतरल्यावर डोके जड होणे आणि घसा कोरडा पडणे यांत याचा फरक जाणवतो. भाडे सारखेच असेल तर विमानाचा प्रकार पाहून निवड करा. बिझनेस क्लास परवडत असेल तर तो फक्त रात्रीच्या टप्प्यासाठी घ्या; दिवसाच्या टप्प्याला तो खर्च मला पटत नाही.

जाण्याचे तिकीट रोमचे आणि येण्याचे मिलानचे, असे दोन टोकांचे तिकीट घ्या. एकाच शहरात परत यायचे ठरवले की शेवटचे दोन दिवस त्या परतीतच जातात. भाड्यात बहुधा फारसा फरक पडत नाही. युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला युरोपीय संघाचा नुकसानभरपाईचा नियम लागू आहे : कंपनीच्या दोषामुळे विमान तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचले तर लांबच्या अंतरासाठी माणशी ६०० युरोपर्यंत मिळतात. जाताना मात्र हा नियम केवळ युरोपीय कंपन्यांना लागू होतो, आखाती किंवा भारतीय कंपन्यांना नाही. मूळ बोर्डिंग पास जपून ठेवा.

हॉटेलच्या ताऱ्यांवर मी फार विसंबत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा काही देशांनी २००९ मध्ये एकत्र येऊन तारांकनाचे समान निकष ठरवले, पण इटली, फ्रान्स आणि स्पेन त्यात नाहीत. तिथे प्रत्येकाचे निकष वेगळे, इटलीत तर प्रांतागणिक वेगळे. त्यामुळे रोममधले चार तारे आणि व्हिएन्नामधले चार तारे यांची तुलना होत नाही. तीन किंवा चार ताऱ्यांत राहा आणि पुढील गोष्टी ई-मेलने विचारा, कारण लेखी उत्तराला वजन असते. इमारतीच्या दारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का? जुन्या इटालियन इमारतींत लिफ्ट असते, पण ती अर्धा जिना चढल्यावर सुरू होते, असे अनेकदा आढळते. हॉटेल संपूर्ण इमारतीत आहे की एका मजल्यावर? न्हाणीघरात टबमध्ये पाय उचलून चढावे लागते की सपाट शॉवर आहे? दुखऱ्या गुडघ्याला टबचा कठडा जिन्याइतकाच त्रास देतो. खोलीत विजेची किटली आहे का? इटलीत ती गृहीत धरू नका. सकाळचा चहा खोलीत घेण्याची सवय असेल तर लहानशी प्रवासी किटली सोबत असावी. आणि ऑक्टोबरात जाणार असाल तर थंडीचेही विचारा, कारण इटलीत केंद्रीय हीटिंग कधी सुरू करायचे याच्या तारखा प्रदेशवार ठरलेल्या आहेत आणि त्याआधी थंडी पडली तर जादा पांघरुणावर भागवावे लागते.

जागेच्या बाबतीत, प्रेक्षणीय स्थळाजवळचे हॉटेल घ्यावे की स्टेशनाजवळचे, हा प्रश्न मुक्कामाच्या लांबीवर सोडवावा. एक-दोन रात्रींसाठी स्टेशनापासून चालत पोहोचता येईल असे हॉटेल, चार रात्रींसाठी मनाला आवडेल त्या वस्तीतले. नकाशावर चारशे मीटर दिसणारे अंतर चढाचे आहे का ते पाहून घ्या. लिस्बन आणि जेनोवा या शहरांत नकाशा या बाबतीत अगदी गप्प असतो. इटलीतील बहुतेक पर्यटनस्थळी माणशी दर रात्री नगरपालिकेचा कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो, तो आरक्षणाच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो. कार्ड यंत्राने रुपयांत की युरोत असे विचारले तर युरो म्हणा. रुपयांचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो आपल्या बाजूचा नसतो.

हे सगळे जुळवून मी आपल्यासाठी असा बेत मांडीन. रोममध्ये तीन रात्री. पहिल्या दिवशी विश्रांतीशिवाय काहीही नाही. विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला थेट गाडी ३२ मिनिटांत येते, पण बॅगा पाहता ठरावीक दराची टॅक्सी घ्यावी. चौथ्या दिवशी चिवितावेक्कियाहून सात रात्रींचे जहाज. जहाज सुटण्याच्या दिवशीच रोमला उतरणारे विमान कधीही घेऊ नये. क्रूझ मुद्दाम सुरुवातीला ठेवली नाही, कारण अंगात प्रवासाचा शिणवटा असताना पहिली दोन बंदरे फुकट जातात. क्रूझनंतर रेल्वेने फ्लॉरेन्स, चार रात्री. शेवटी स्ट्रेझा, पाच रात्री. हे लागो माज्जोरे या तळ्याच्या काठचे गाव मिलानच्या रेल्वेमार्गावर आहे, तळ्याकाठचा रस्ता सपाट आहे, बोटीने समोरच्या बोर्रोमेओ बेटांवर जाता येते आणि मिलानचा माल्पेन्सा विमानतळ तिथून फार लांब नाही. बहुतेक लोक इथे स्वित्झर्लंड घुसडतात. आपण घुसडू नका. डोंगर हवाच असेल तर दोमोदोस्सोलाहून लोकार्नोला जाणारी लहान रेल्वे एका दिवसात स्वित्झर्लंड दाखवून परत आणते. उरलेल्या एक-दोन रात्री फ्लॉरेन्सला जोडा किंवा तशाच मोकळ्या ठेवा.

व्हिसा इटलीचा घ्यावा लागेल, कारण सर्वाधिक रात्री इटलीत आहेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तीन महिने आधी तरी भेटीची वेळ मिळवाच, आणि चवथीच्या धामधुमीत ती येणार नाही असे पाहा. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. जहाज ट्युनिशियासारख्या शेंगेनबाहेरच्या (म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरच्या) देशात थांबत असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा, नाहीतर परत येताना जहाजावरच अडकून पडाल. दोघांपैकी कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, जे आपल्याकडे नवलाचे नाही, तर दुसऱ्याला इटलीसारख्या तिसऱ्या देशात सोबत जाताना जोडीदार म्हणून विनाशुल्क व्हिसा मिळू शकतो. विवाहाचा दाखला तयार ठेवा, आणि पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्याने परतीसाठी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचे कार्ड) विसरू नये. विमा किमान ३०,००० युरोंचा बंधनकारक आहे, पण रक्तदाब वा मधुमेह आधीपासून असेल तर त्याला संरक्षण आहे का ते पॉलिसीत शोधून वाचा. जहाजावरील डॉक्टरचे बिल आधी स्वतः भरावे लागते आणि मग दावा करावा लागतो, म्हणून कागद सांभाळा. टूर पॅकेज म्हणून एकत्र पैसे भरल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने सरकारसाठी आगाऊ गोळा करायचा कर, आकारला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलतो, पण ती रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते.

क्रूझची उरलेली रक्कम साधारणपणे निघण्याच्या अडीच ते तीन महिने आधी भरावी लागते आणि त्यानंतर रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम झपाट्याने वाढते. व्हिसाची भेट त्या तारखेच्या आधी बसवता आली तर उत्तम. न बसल्यास हॉटेले रद्द करता येणारीच घ्या आणि विमानाचे तिकीट, काही पैसे अधिक गेले तरी, परतावा मिळणारे घ्या. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक हवी. ती सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल, तर बाकी काही ठरवण्याआधी नव्या पासपोर्टसाठी अर्ज करा.